इयरफोनची निवड : लोकलच्या खडखडाटात तानपुरा

कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे अंतर सुमारे ५४ किलोमीटर. जलद लोकल मिळाली तरी जाता-येता मिळून दोन तासांहून अधिक वेळ डब्यात जातो. डोंबिवलीकरांचे आणि ठाणेकरांचे गणित थोडे कमी, पण वेगळे नाही. या वेळात वाचणे गर्दीमुळे अशक्य, बोलणे आवाजामुळे अशक्य. उरते ते ऐकणे. कल्याण गायन समाजाच्या बैठका, ठाण्यात दरवर्षी होणारा पं. राम मराठे स्मृती समारोह आणि १९७८ साली उभे राहिलेले गडकरी रंगायतन यांच्या सावलीत वाढलेल्या या पट्ट्यातील श्रोत्याचा कान तसा तयार असतो. बैठकीला पहिल्या रांगेत बसणारा हा रसिक डब्यात मात्र फोनच्या खोक्यात आलेले किंवा स्टेशनबाहेरच्या टपरीवरून शे-दीडशे रुपयांना उचललेले इयरफोन कानाला लावतो आणि खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेतो. त्यात गाणेही हरवते आणि कानही दुखावतो. चांगला वायरचा इयरफोन निवडणे म्हणूनच केवळ हौसेचा विषय राहत नाही.

बाजारात या वस्तूंची दोन कुळे आहेत आणि दुकानदारही त्यांची नावे सरमिसळ करून वापरतात. पहिले कूळ बटणासारख्या चपट्या इयरबड्सचे. ते कानाच्या पाळीच्या आतील वाटीत नुसते टेकून राहतात. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला, त्यानंतरच्या काळात हे बड्स घरोघर पोहोचले आणि २००१ मध्ये आलेल्या आयपॉडने त्यांचा पांढरा रंग जगभर परिचित केला. दुसरे कूळ इन-इयरचे. यांच्या टोकाला सिलिकॉनची किंवा फोमची टोपी असते आणि ती कानाच्या नळीत शिरून नळीचे तोंड बंद करते. या कुळाचा उगम श्रवणयंत्रांच्या कारखान्यात आहे. अमेरिकेतील एटिमोटिक रिसर्च या श्रवणयंत्रांशी निगडित कंपनीने १९९१ मध्ये ‘ईआर-४’ हा इयरफोन बाजारात आणला. पुढे १९९५ च्या सुमारास जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने ‘व्हॅन हेलन’ या रॉक वाद्यवृंदाच्या ड्रमवादकासाठी रंगमंचावर वापरायचे इन-इयर मॉनिटर बनवले. आज दीड-दोन हजार रुपयांना मिळणारे चिनी बनावटीचे इन-इयर याच वंशातील होत.

आधी कान, मग कंपनी

इन-इयरच्या बाबतीत एक गोष्ट इतर सर्व गोष्टींच्या आधी येते. ती म्हणजे टोपी कानात हवाबंद बसणे. कानाची नळी आणि इयरफोन यांच्या मध्ये बारीकशी फट राहिली, तरी खालच्या पट्टीतील स्वर तिच्यातून निसटतात. डग्ग्याची घुमक पातळ होते, तानपुऱ्याचा खर्ज नाहीसा होतो आणि उरलेला आवाज टिनच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. ग्राहक इयरफोनला नावे ठेवतो. दोष अनेकदा टोपीच्या मापाचा असतो.

बहुतेक इन-इयरसोबत लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन जोड्या टोप्या येतात. मधली जोडी आधीच बसवलेली असते आणि बाकीच्या दोन पिशवीतच राहून जातात. वस्तुतः माणसाच्या दोन कानांच्या नळ्याही सारख्या नसतात. डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला मोठी टोपी लागणे यात काहीही विचित्र नाही. इयरफोन घालताना विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी किंचित वर आणि मागे ओढावी, म्हणजे नळी सरळ होते आणि टोपी योग्य जागी जाते. त्यानंतर तबल्याची साथ असलेले एखादे गाणे लावून इयरफोनला बोटाने हलका दाब द्यावा. दाब देताच डग्गा एकदम भरदार झाला, तर टोपी लहान आहे किंवा नीट बसलेली नाही असे समजावे. काहीच फरक पडला नाही, तर माप जुळले. फोमची टोपी बोटांच्या चिमटीत दाबून बारीक करावी, कानात घालावी आणि ती फुगेपर्यंत दहा-वीस सेकंद धरून ठेवावी. फोम सिलिकॉनपेक्षा अधिक आवाज अडवतो, परंतु काही महिन्यांत त्याचा लवचिकपणा जातो आणि तो बदलावा लागतो. हा आवर्ती खर्च किमतीत धरलेला बरा.

कान असा बंद झाला, की काही गैरसोयी सोबत येतात. स्वतःच्या पावलांचा धपधप आवाज डोक्यात घुमतो, वडापाव खाताना चावण्याचा आवाज गाण्यावर स्वार होतो आणि वायर शर्टाच्या बटणाला घासली तरी ती खरखर थेट कानात उतरते. यांपैकी शेवटच्या त्रासावर उपाय सोपा आहे. वायर कानाच्या मागून वळवून घालावी, किंवा तशीच घालण्यासाठी घडवलेला इयरफोन घ्यावा. नळीतील दाबाची भावना काहींना शेवटपर्यंत सोसत नाही. अशांनी हट्ट न करता चपटे बड्स घ्यावेत. रात्री घरातील सगळे झोपल्यावर, दारावरची बेल किंवा पाळण्यातले मूल यांच्याकडे एक कान ठेवून ऐकायचे असेल, तर चपट्या बड्सइतके सोयीचे दुसरे साधन नाही. त्यांचा खर्ज बेताचा असतो, मात्र आवाज मोकळा आणि ऐसपैस वाटतो. लोकलमध्ये मात्र त्यांचा निभाव लागत नाही. त्याचे कारण पुढील हिशेबात आहे.

आठवड्याचा कोटा

धावत्या लोकलच्या उघड्या दारापाशी आवाज ८० डेसिबलच्या वर सहज जातो. चपटे बड्स हा आवाज अडवत नाहीत. गाणे त्याच्यावर चढवायचे, तर ते ९० डेसिबलच्या घरात न्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. ही मुभा पातळीबरोबर झपाट्याने घटते. दर तीन डेसिबल वाढीला ध्वनिऊर्जा दुप्पट होते आणि वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे अवघे चार तास उरतात. कल्याणच्या प्रवाशाने सोमवारपासून सुरुवात केली, तर मंगळवारी संध्याकाळी तो घरी पोहोचेपर्यंत त्याचा आठवड्याचा कोटा संपलेला असतो. बुधवार ते शनिवारचा प्रवास उधारीवर चालतो आणि ही उधारी फेडता येत नाही, कारण आतल्या कानातील नाजूक रोमपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीची लक्षणे साधी असतात. घरी आल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत राहणे, गर्दीत समोरच्याचे बोलणे न उमगणे, दूरदर्शन संचाचा आवाज घरातील इतरांना मोठा वाटणे. अशी लक्षणे टिकून राहिली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घेणे इष्ट.

नीट बसलेला इन-इयर बाहेरचा आवाज साधारण १५ ते २५ डेसिबलने कमी करतो. खोलवर जाणारे, तीन पाकळ्यांच्या टोपीचे इयरफोन त्याहूनही अधिक. चाकांची घरघर खालच्या पट्टीतील असल्याने ती तुलनेने कमी अडते, परंतु ब्रेकचा कर्कश आवाज आणि डब्यातील गलका बराच मावळतो. मग तेच गाणे ७०-७५ डेसिबलला स्पष्ट ऐकू येते. म्हणजेच चांगल्या बसणाऱ्या टोपीने एकाच वेळी गाणे आणि कान दोन्ही राखले जातात.

यात सवयीचा एक खाचखळगा आहे. ठाणे-दिवा दरम्यानच्या पाचव्या-सहाव्या मार्गिका २०२२ मध्ये पूर्ण होईपर्यंत जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून धावत. बोगदा आला की डबा दणाणून जाई आणि अंगठा आपसूक आवाज वाढवी. बोगदा संपल्यावर तो कमी करण्याची आठवण फारच थोड्यांना राही. बोगदा मार्गातून गेला, पण खाडीपूल आणि समोरून धडधडत जाणाऱ्या गाड्या आहेतच. आवाजाची पातळी शांत जागी, घरी असतानाच ठरवावी आणि डब्यात ती वाढवू नये, हा नियम त्यामुळे उपयोगी पडतो. ती पातळी डब्यात अपुरी वाटली, तर टोपीचे माप पुन्हा तपासावे.

स्वर ओळखायचा कसा

खोक्यावरील आकड्यांनी ग्राहक दिपून जातो. ‘५ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ’ असे छापलेले असते. माणसाचा कान तरुणपणी २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ एवढेच ऐकतो आणि वय वाढेल तशी वरची मर्यादा खाली येते. त्यातही या पल्ल्यात चढउतार किती डेसिबलचे आहेत हे लिहिलेले नसेल, तर तो आकडा निव्वळ शोभेचा. ड्रायव्हरच्या संख्येचेही तसेच. डायनॅमिक ड्रायव्हर म्हणजे कॉईल आणि पडदा असलेला चिमुकला लाऊडस्पीकर. बॅलन्स्ड आर्मेचर हा श्रवणयंत्रांतून आलेला, आकाराने अधिक लहान प्रकार. एका कानात एकच डायनॅमिक ड्रायव्हर असलेला इयरफोन पाच ड्रायव्हरच्या इयरफोनपेक्षा सुरेल असू शकतो, कारण अनेक ड्रायव्हरांना एकजीव करणे हे वेगळेच कसब आहे. किमतीबाबतही भ्रम नको. जेरोन ब्रीबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांची ध्वनिपट्टी आणि किरकोळ किंमत यांत काही संबंध आढळला नाही. किमतीबरोबर घडण, वायर आणि पेटी सुधारते. स्वर सुधारेलच असे नाही.

मग परीक्षा कशाने करावी? रसिकाच्या कानाला वर्षानुवर्षे परिचित असलेल्या नादाने. या पट्ट्यातील श्रोत्याजवळ त्यासाठी तानपुरा आहे. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल, तर त्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास असते. टोपी सैल असलेल्या इयरफोनमधून हा मूळ स्वर जवळजवळ येतच नाही. तरीही श्रोत्याला षड्ज ऐकू येतो, कारण वरच्या स्वरांशांवरून मेंदू गाळलेला पाया स्वतःच भरून काढतो. फसगत कळत नाही ती यामुळे. टोपी नीट बसल्यावर खर्ज नुसता कळत नाही, तर त्याचे वजन जाणवते.

तानपुऱ्याची दुसरी कसोटी अधिक सूक्ष्म. घोडीवर तारेखाली जीव म्हणजे सुताचा धागा सरकवून जवारी लावली, की तारेतून स्वरांशांचा एक पिसारा उघडत आणि मिटत जातो. त्यातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार हा खर्जाच्या तारेचा पाचवा स्वरांश. वरील उदाहरणात तो सुमारे ३४६ हर्ट्झवर येतो. ही पट्टी कोणताही इयरफोन वाजवतो. प्रश्न असतो तो झाकला जाण्याचा. ‘एक्स्ट्रा बास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या इयरफोनमध्ये फुगवलेला खर्ज या गांधारावर पांघरूण घालतो. नृत्याच्या गाण्यांसाठी तो फुगवटा कुणाला आवडेल, त्यात गैर काही नाही. मात्र ख्याल ऐकणाऱ्याने त्यापासून दूर राहावे.

वरच्या बाजूला दोन ठिकाणी लक्ष द्यावे. उघड्या कानाची नळी तीन हजार हर्ट्झच्या आसपास नैसर्गिकरीत्या आवाज वाढवते. इन-इयरने ती बंद होत असल्याने निर्मात्याला तेवढी भर स्वतः घालावी लागते. भर कमी पडली, तर गायिकेचा आवाज पडद्याआडून आल्यासारखा वाटतो. जास्त झाली, तर तार षड्जावर तो किंचाळतो. दुसरे ठिकाण पाच ते आठ हजार हर्ट्झचे. भावगीतातील ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे टोचू लागले, तर तो इयरफोन दुकानात पाच मिनिटे चमकदार वाटेल, परंतु मुलुंडपर्यंत काढून ठेवावासा वाटेल.

मराठी रसिकाच्या संग्रहात जुने ध्वनिमुद्रण मोठ्या प्रमाणावर असते, ही बाब परदेशी परीक्षणांत येत नाही. बालगंधर्वांच्या किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत वरच्या पट्टीत संगीत फारसे नसते, तेथे असते ती सुईची खरखर. तीक्ष्ण इयरफोन ती खरखरच पुढे आणतो. ज्याचे ऐकणे मुख्यत्वे नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्यांचे किंवा आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणांचे आहे, त्याने मध्यम पट्टीत उबदार आणि वर मवाळ असा इयरफोन निवडावा, मग परीक्षणकर्ते त्याला ‘तपशिलात कमी’ म्हणोत. ही जुनी मुद्रणे एक फुकटची परीक्षाही करून देतात. ती मोनो असल्याने दोन्ही कानांत तंतोतंत तोच आवाज जातो आणि गायक डोक्याच्या बरोबर मध्यभागी उभा राहायला हवा. तो एका बाजूला झुकला, तर एक टोपी सैल आहे किंवा दोन बाजूंचे ड्रायव्हर जुळलेले नाहीत. इयरफोनची डावी-उजवी बाजू उलटी घालून पाहिल्यावरही झुकाव त्याच कानाकडे राहिला, तर दोष बसण्याचा किंवा कानाचा. झुकाव बाजू बदलून गेला, तर वस्तू परत करावी.

दोन इयरफोनांची तुलना करताना दोघांचा आवाज आधी समपातळीवर आणावा. किंचित मोठा वाजणारा नेहमीच अधिक चांगला वाटतो आणि विक्रेत्यांना हे ठाऊक असते.

वायर आणि भोक

बिनतारी इयरफोनच्या काळात वायरचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. बिनतारी साधनांतील बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि ती बदलणे सहसा परवडत नाही. फलाट आणि पायदान यांच्यामधील फटीत पडलेला एक बड परत मिळत नाही. फोनवरील पेटीच्या किंवा की-बोर्डच्या अॅपवर रियाज करणाऱ्याला तर ब्लूटूथचा विलंब असह्य होतो, बोट आधी पडते आणि स्वर मागून येतो. वायरमध्ये यांतले काही नाही. तिचा शत्रू एकच, तो म्हणजे गर्दी. ठाण्याला उतरणाऱ्यांच्या लोंढ्यात कुणाच्या तरी बॅगेच्या बंदात वायर अडकते आणि जोडाजवळ तुटते. म्हणून सुटी होणारी वायर असलेला इयरफोन घ्यावा. ‘टू-पिन’ आणि ‘एमएमसीएक्स’ हे तिचे दोन प्रचलित जोड. वायर तुटली तर काहीशे रुपयांत नवी मिळते आणि इयरफोन वाचतो.

फोनला ३.५ मिलिमीटरचे भोक उरलेले नाही, ही दुसरी अडचण. अॅपलने २०१६ साली आयफोन ७ मधून ते काढले आणि इतरांनी कित्ता गिरवला. त्यावर यूएसबी-सी अडॅप्टर, बोलीभाषेत डोंगल, हा तोडगा. मात्र सर्व डोंगल सारखे नाहीत. अगदी स्वस्त डोंगलमध्ये केवळ तारांची जोडणी असते आणि अनेक फोनवर ते चालतच नाहीत. ज्याच्या आत डिजिटल संकेताचे आवाजात रूपांतर करणारी चिप, म्हणजे ‘डॅक’, आहे असा डोंगल घ्यावा. अॅपलचा यूएसबी-सी डोंगल लहान आणि चांगला असला, तरी काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज कमी पडतो. १६ ते ३२ ओहम इम्पिडन्सच्या बहुतेक इन-इयरना साध्या डोंगलची शक्ती पुरते. स्वतंत्र अॅम्प्लिफायरची गरज लोकलमधल्या श्रोत्याला सहसा नसते आणि तांब्याऐवजी चांदीच्या वायरीसाठी हजारो रुपये मोजण्याचे तर कारणच दिसत नाही. त्या पैशांत दिवाळी अंकांचा गठ्ठा येईल.

खरेदी आणि पावसाळा

गोखले रोड असो वा फडके रोड, इन-इयर कानात घालून ऐकू देणारे दुकान विरळा. त्याचे कारण स्वच्छतेचे आहे आणि ते रास्त आहे. याच कारणाने ऑनलाइन विक्रीतही उघडलेला इन-इयर परत घेतला जात नाही असा नियम अनेकदा असतो. मागणी नोंदवण्यापूर्वी परतीची अट वाचावी. नामांकित कंपन्यांच्या नक्कला सर्रास मिळतात, तेव्हा बिल आणि वॉरंटी नसलेली स्वस्ताई टाळलेली बरी. ओळखीत कुणाकडे चांगला इयरफोन असेल, तर तो मागून ऐकावा, टोप्या मात्र स्वतःच्या न्याव्यात. पहिल्या खरेदीसाठी दोन हजारांच्या आसपासची मर्यादा पुरेशी आहे. तेवढ्यात आज पंधरा वर्षांपूर्वीच्या दसपट किमतीच्या वस्तूशी बरोबरी करणारा स्वर मिळू शकतो. उरलेल्या पैशांत वेगवेगळ्या मापांच्या टोप्यांचे एक पाकीट घ्यावे. स्वर सुधारण्याचा त्याहून स्वस्त मार्ग नाही.

कोकणपट्टीच्या दमट हवेत कानाच्या बुरशीचा त्रास मुळात अधिक, त्यात पावसात भिजलेला कान तासभर बंद ठेवल्यास तो बळावतो. भिजून गाडीत चढल्यावर कान कोरडा होईपर्यंत इयरफोन घालू नये. कानात खाज, दुखणे किंवा स्राव असेल तर बरे वाटेपर्यंत त्याचा वापर थांबवावा आणि आपला इयरफोन दुसऱ्याला देऊ नये. टोप्या आठवड्यातून एकदा काढून सिलिकॉनच्या असल्यास साबणाच्या पाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण वाळवून मगच बसवाव्यात. नळीच्या तोंडावरील बारीक जाळीत कानातील मळ साचला, की त्या बाजूचा आवाज हळूहळू बसत जातो. इयरफोन तोंड खाली करून कोरड्या मऊ ब्रशने जाळी साफ करावी, टाचणी घालू नये. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी.

एक पथ्य स्वराशी संबंधित नाही. नीट बसलेला इन-इयर भोंगाही अडवतो. रूळ ओलांडणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहेच, पण फलाटाच्या कडेने चालताना आणि स्टेशनबाहेर रिक्षांच्या गर्दीतून वाट काढतानाही दोन्ही इयरफोन पेटीत असावेत. गाडी थांबण्यापूर्वी, दाराकडे सरकताना ते काढून ठेवण्याची सवय लावल्यास वायरही लोंढ्यात अडकत नाही.